गाडी उभी कुठे होती?

मे महिन्यातल्या दुपारी बुटीबोरीच्या आमच्या कारखान्याच्या आवारातून गाडी बाहेर काढते, तेव्हा स्पीडोमीटरशेजारच्या छोट्या पडद्यावर ५१ हा आकडा असतो. एक्कावन्न अंश. सकाळपासून गाडी उन्हात, खाली डांबर, बाजूला पत्र्याची भिंत. वर्धा रोडला लागून दहा मिनिटं झाली की तोच आकडा ४७ वर येतो, खापरीपर्यंत ४५, आणि सोनेगावला विमानतळाच्या कुंपणाशेजारून जाताना ४४. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं : नागपूर ४३.८.

आपल्या देशातला अधिकृत विक्रमच ५१ चा आहे, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. नागपूरचा ४७.९, २३ मे २०१३ चा. म्हणजे माझी गाडी रोज दुपारी देशाच्या विक्रमाला टेकून खाली यायची. पहिल्या उन्हाळ्यात मी या आकड्याचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायची. दुसऱ्या उन्हाळ्यात तो बिघडलाय असं धरून त्याच्याकडे बघणंच सोडलं. एकदा मामा शेजारी बसले होते. त्यांनी तो आकडा उतरताना पाहिला, खिशातून छोटी वही काढली आणि लिहायला लागले.

मामा वेधशाळेत निरीक्षक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं होतील. शिकायला पुण्याला, सिमला ऑफिसात (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या जुन्या इमारतीचं नाव अजून तेच), मग बदल्या, आणि शेवटची बरीच वर्षं नागपूर. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेले की सकाळी त्यांच्या मागे मागे ती पांढरी पेटी पाहायला जायची. गवतावर चार पायांची, तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी भिंतींची, वारा आत-बाहेर करणारी आणि ऊन मात्र अडवणारी. दीपगृहं बांधणाऱ्या टॉमस स्टीव्हनसन या स्कॉटिश इंजिनियरनं एकोणिसाव्या शतकात ती बेतली, आणि आजही जगभर त्याच नावानं ओळखतात. आत चार तापमापक : एक साधा, एकाच्या बुडाला ओली मलमल गुंडाळलेली, एक दिवसाचं कमाल धरून ठेवणारा, एक किमान. सगळे जमिनीपासून चारेक फुटांवर. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडणार नाही.

सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला मामा ते दार उघडायचे. श्वास रोखायचे, गुडघ्यात थोडे वाकून डोळा पाऱ्याच्या बरोबर पातळीत आणायचे आणि आधी दशांश वाचायचे, मग पूर्ण अंश.

“दशांश आधी काहून?” मी विचारलं होतं.

“तो आधी हलते. आपलं अंग, आपला श्वास, सगळं त्याला कळते. थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगते, बेटा. हवेचं नाही. त्याचं आणि हवेचं एकच व्हावं म्हणून ही सारी पेटी.”

हे वाक्य तेव्हा कानावरून गेलं. पंचवीस वर्षांनी, वर्धा रोडवर, एका बंद पडलेल्या एसीमुळे ते समजलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते रणरणते नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते. बंपरला पार्किंगमध्ये खरचटलं होतं म्हणून गाडी रंगकामाला दिली होती. परत आली ती चकचकीत, पण एसी लावला की नुसती भट्टीची हवा. वर्कशॉपवाल्यांनी गॅस कमी झाला म्हणून गॅस भरला, पैसे घेतले. फरक शून्य. पुन्हा गेले तर कॉम्प्रेसर बदलावा लागेल म्हणाले, आणि जो खर्च सांगितला तो ऐकून मी गाडी तशीच काढून घेतली. पडद्यावर बाहेरचं तापमान उणे ४० दिसत होतं, ते मी पाहिलं होतं आणि त्यांनीही. रंगकामात काहीतरी सैल झालं असेल, त्या एवढ्याशा आकड्यासाठी कोण खोळंबणार, असं दोघांनीही मनात धरलं.

ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. पंचविशीतला पोरगा, डोक्याला ओला गमछा. त्यानं किल्ली फिरवली, पडद्याकडे पाहिलं आणि एसीच्या बटणाला हातही न लावता बॉनेट उघडलं.

“ताई, एसी चांगला आहे. गाडीला थंडी वाजून राहिली.”

समोरच्या जाळीमागे, एसीच्या कन्डेन्सरच्या पुढे, एका पट्टीवर खोचलेला काळा प्लॅस्टिकचा तुकडा त्यानं दाखवला. टोकाला चिंचोक्याएवढा फुगवटा, मागे दोन तारांचा कपलर. कपलर निखळून लोंबकळत होता. एवढंच.

बहुतेक गाड्यांत हा सेन्सर असाच पुढे, बंपरमध्ये किंवा जाळीमागे असतो. काहींत आरशाच्या खालच्या बाजूला. आत थर्मिस्टर असतो, म्हणजे धातूंच्या ऑक्साइडचा एक बारीक मणी. तांब्याची तार तापली की तिचा वीजरोध वाढतो. या मण्याचं उलट : जितका तापेल तितका रोध कमी. मायकेल फॅरडेनं सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा स्वभाव १८३३ साली नोंदवला होता. गाडीत बसवण्याजोगी वस्तू त्यातून व्हायला पुढे शंभर वर्षं गेली. गाडीचा कॉम्प्युटर एका ठरावीक रोधातून या मण्याला पाच व्होल्ट देतो, मध्ये किती व्होल्ट उरले ते मोजतो आणि आपल्याकडच्या तक्त्यात बघतो : एवढे व्होल्ट म्हणजे एवढे अंश. तार तुटली की रोध अमर्याद. अमर्याद रोध म्हणजे तक्त्याचं सगळ्यात थंड टोक, उणे ४०. (सेल्सियस आणि फॅरनहाइट एकमेकांना भेटतात ते हेच ठिकाण, त्यामुळे गाडी कुठल्याही देशातली असली तरी आकडा तोच. काही गाड्या मात्र नुसत्या आडव्या रेघा दाखवतात.) आणि बाहेर गोठण्याच्या आसपास थंडी असली तर एसीचा कॉम्प्रेसर सुरूच होऊ द्यायचा नाही, असं बऱ्याच गाड्यांत ठरवून दिलेलं असतं. नागपुरात, मेच्या शेवटच्या आठवड्यात, माझी गाडी हा नियम इमानदारीनं पाळत होती.

पोरानं लगेच कपलर बसवला नाही. सेन्सर सोडवून हातात घेतला, मल्टिमीटरच्या दोन पिना त्याच्या दोन टोकांना लावल्या. तो सेन्सर २५ अंशाला दहा हजार ओहमचा होता. त्या दुपारी शेडच्या सावलीत मीटरवर चार हजार सातशेच्या आसपास आकडा होता. मग त्यानं तो मणी माझ्या हातात दिला. “मुठीत धरा.”

मी धरला. मूठ गरम असते, तेव्हा रोध उतरेल असंच मला वाटलं. मीटरवरचा आकडा वर जायला लागला. पाच हजार. पाच हजार तीनशे. मिनिटभरात सहा हजारांच्या जवळ. मला काही उमगेना. तो माझ्याकडे बघून हसत होता. माझी मूठ पस्तीस-छत्तीस अंशांची, शेडमधली हवा त्रेचाळीसची. माझ्या हातात तो मणी थंड होत होता.

मामांचं वाक्य मला तिथं, त्या ऑइलनं काळ्या झालेल्या फरशीवर आठवलं. मुठीत असताना तो मुठीचं तापमान सांगत होता, शेडमध्ये शेडचं. हवामानाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

त्या दिवसापासून मला या आकड्याबद्दल माया वाटते, हे खरं सांगते. मणी स्वतः चोख असतो. त्याची चूक साधारण अर्ध्या-एका अंशाची. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात असली, समोरून ताजी हवा त्याच्यावर आदळत असली, तर पडद्यावरचा आकडा खऱ्या हवेच्या एक-दोन अंशांत असतो. गडबड आहे ती त्याच्या शेजाऱ्यांची. मागे कन्डेन्सर आणि रेडिएटर, दोघंही उष्णता ओकणारे. खाली डांबर, जे मेच्या दुपारी साठ अंशांच्या वर सहज जातं. गाडी थांबली की इंजिनची धग पुढे सरकून जाळीपर्यंत येते. मणी गुडघ्याच्या उंचीवर, मामांच्या पेटीहून कितीतरी खाली, आणि तापलेल्या रस्त्यावर हवा जितकी जमिनीलगत तितकी जास्त गरम. समोर दूर रस्त्यावर पाणी साचल्यासारखं जे मृगजळ दिसतं, ते या तापलेल्या थरामुळेच. माझ्या गाडीचा सेन्सर रोज त्या थराच्या काठानं प्रवास करतो.

गाडी बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं, आणि त्यांनी त्यावर केलेली युक्ती मला फार आवडते. गाडीत चूक जवळपास नेहमी एकाच बाजूला होते : इंजिन, रस्ता, ऊन, सगळे आकडा वरच ढकलतात. म्हणून कॉम्प्युटर उतरणाऱ्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवतो आणि चढणाऱ्यावर सावकाश. तापमान कमी झालं की पडद्यावर तत्काळ दिसतं. वाढलं तर गाडी काही वेळ ठरावीक वेगात चालेपर्यंत आकडा रोखून धरला जातो. किराणा घ्यायला दहा मिनिटं थांबून पुन्हा गाडी सुरू केली, इंजिन अजून गरम असलं, तर नवा आकडा न घेता बऱ्याच गाड्या मघाचाच दाखवतात, कारण त्या क्षणी जाळीमागची हवा इंजिनची असते. बराच वेळ उभी असलेली गाडी मात्र आहे तो आकडा घेते. माझे ५१ तिथून येतात. सकाळपासून पत्र्याच्या भिंतीशी उभी राहिलेली वस्तू किती तापते याचं ते मोजमाप, आणि ते मोजमाप म्हणून बरोबर आहे.

पावसात उलटंही घडतं. सेन्सर ओला झाला आणि वारा लागला की त्यावरचं पाणी उडतं आणि मणी हवेपेक्षा थंड होतो. मामांच्या पेटीतल्या ओल्या मलमलीच्या तापमापकाचं काम हेच. ते मुद्दाम केलेलं, हे आपोआप झालेलं.

आपल्याकडे या आकड्याची चर्चा उन्हाळ्यात होते, पण ज्या देशांत बर्फ पडतो तिथं तो जिवाशी संबंधित आहे. मामांची मुलगी कॅनडात असते. तिच्या गाडीत तीन-चार अंशांवर आकडा आला की टिंग असा आवाज होतो आणि बर्फाच्या फुलाचं चिन्ह लागतं. शून्याच्या आधीच, कारण हवा दोन-तीन अंशांची असतानाही रस्ता गोठलेला असू शकतो. पुलावर तर आधी, खालून-वरून वारा लागतो म्हणून. आपल्या महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर येतो, आणि त्याच पहाटेचं अधिकृत किमान तापमान मात्र शून्याच्या बरंच वर असतं. लोक म्हणतात, हवामान खातं चुकलं. चुकलेलं नसतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशात सोडत जातात आणि चार फुटांवरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. तापमापक पेटीत आहे, दव पानावर गोठलं आहे.

मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ अंश दाखवले तेव्हा देशभर खळबळ उडाली. तपासणीनंतर हवामान खात्यानं सांगितलं, तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच आठवड्यात आमच्या नागपुरातल्या एका केंद्रानं ५६ दाखवले. तोही सेन्सरचा दोष निघाला. त्या दोन दिवसांत मामांना इतके फोन आले की मामींनी शेवटी फोन स्वतःकडे ठेवून घेतला. मामा कोणावर चिडले नाहीत. त्यांना वाईट एवढंच वाटत होतं की लोक आधी घाबरले आणि आकडा चुकीचा निघाल्यावर एकदम हसायला लागले. “छप्पन नव्हते, पण पंचेचाळीस होते ना,” ते म्हणत होते. “पंचेचाळीसमध्येही माणूस मरते.”

मला तेव्हापासून सिग्नलवरचा आकडा दिसतो तसा आधी दिसत नव्हता. दुपारी चौकात लाल दिवा लागला की गाडी थांबते, आकडा काही वेळ तसाच रोखलेला राहतो. पुढे हळूहळू गाडी सरकत राहिली तर तो चढायला लागतो : ४४, ४५, ४६. पुढच्या बसचा धूर, चारी बाजूंच्या गाड्यांच्या एसीनं बाहेर फेकलेली गरम हवा, माझ्याही गाडीची त्यात भर. हवामानाचा आकडा म्हणून तो चूक आहे, हे मला आता नीट समजतं. पण माझ्या डाव्या हाताला डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर बसलेली बाई त्याच हवेत श्वास घेते आहे. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस आठ तास तिथंच आहे. उड्डाणपुलाखाली लिंबाचं सरबत विकणारा म्हातारा, खिशात कांदा ठेवून निघालेला डिलिव्हरीचा पोरगा. यांच्यातलं कोणीही गवतावरच्या पांढऱ्या पेटीत राहत नाही. पेटी हवी, कारण तिच्याशिवाय आजचं नागपूर आणि १९५० चं नागपूर, नागपूर आणि फलोदी यांची तुलनाच करता येणार नाही. तिच्यावाचून उष्णतेची लाट आली की नाही हेही ठरवता येणार नाही. पण त्या चौकाचा आकडा कोणी तरी लिहून ठेवायला हवा असं मला फार मनापासून वाटतं. मामांनाही वाटतं. म्हणून ती वही.

एका रविवारी आम्ही चिखलदऱ्याला गेलो, तेव्हा मामा पुढे बसले होते आणि वही मांडीवर होती. अमरावतीपर्यंत हायवेवर आकडा ४३-४४ च्या मध्ये स्थिर. परतवाड्याला बाजारातल्या गर्दीत ४६. मग घाट सुरू झाला. दर वळणावर मामा पडद्याकडे बघायचे. ४२. साग निष्पर्ण उभे होते, काडीलाही पान नाही. ४१. कुठंतरी खाली दरीत पाणी आहे असा वास आला आणि ४० झाले. मामी मागून म्हणाल्या, खिडकी उघडा. मामांनी हात वर केला, थांबा. “हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरलं पाहिजे. आपण सातशेएक मीटर चढणार. बघू.” वर पोचलो तेव्हा ३९ होते. घाटातल्या संथ चढणीनं इंजिन तापलेलं, म्हणून मामांनी मला गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर नेऊन आणायला लावलं. ३८.५. परतवाड्याच्या बाजाराचा ४६ त्यांनी कंसात टाकला आणि हायवेवरचे ४३ धरले. वजाबाकी साडेचार. त्यांचा चेहरा दहावीचा निकाल लागलेल्या मुलासारखा झाला.

त्या वहीत आता दोन उन्हाळे आहेत. रोज घरी पोचले की साडेपाचच्या सुमारास त्यांचा फोन येतो. सवय तीच, वेळही तीच.

“आज किती?”

“सत्तेचाळीस.”

“गाडी उभी कुठे होती?”

मग मी सांगते : वेळ तीन चाळीस, खापरीच्या पुढे, वाहनांची रांग, खाली डांबर, पुढे ट्रक, बाहेर रस्त्याचं काम करणाऱ्या सहा बायका आणि दोन माणसं, त्यातल्या एकीच्या पाठीला बाळ. मामा सगळं लिहून घेतात. शेवटचा रकाना ते रिकामा ठेवतात. त्यात वेधशाळेचा आकडा, दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला की भरतात.